खळदकरसाहेबांचं बुचांचं कपाट

अजूनही रबरी बूच हातात आलं, की मी ते आधी अंगठ्यानं दाबून बघतो. थर्मासचं असो, औषधाच्या बाटलीचं असो. दाबलं की ते दबायला हवं आणि सोडलं की परत फुगायला हवं. ही सवय मला मंदाताई कोकरे यांनी लावली. पण बूच दाबलं की डोळ्यांपुढे मात्र उभे राहतात ते खळदकरसाहेब, आणि तोंड कडू होतं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. साहेब माझ्या माहितीप्रमाणे हयात आहेत, तब्येतही चांगली आहे, त्यामुळे तीही अडचण नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बारामतीच्या एमआयडीसीत एका दूध डेअरीत ज्युनिअर केमिस्ट म्हणून लागलो. खळदकर तिथले मुख्य केमिस्ट. वय पन्नाशीच्या आसपास, उंची बेताची, मान मात्र कायम उंच. अंगात पांढरा कोट, खळ घालून इतका कडक केलेला, की माणूस काढून घेतला तरी कोट उभा राहील. वरच्या खिशात लाल, निळं आणि हिरवं अशी तीन पेनं. डेअरीत वीस वर्षं काढून ज्याच्या कोटावर दुधाचा एक थेंब पडला नाही, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. थेंब पडणार कसा? दुधाच्या जवळ ते जातच नसत.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "गाव कुठलं?"

"पळसदेव. इंदापूर तालुका."

"म्हणजे धरणग्रस्त. मासे मारता?"

"वडील शेती करतात, साहेब. चुलते मारतात मासे."

"असू द्या, असू द्या," ते म्हणाले. जणू मी माफी मागितली होती. मग मला त्यांनी कपाटापुढे उभं केलं.

हे कपाट म्हणजे साहेबांचं देवघर. काचेच्या दारांचं, पितळी कुलपाचं, प्रयोगशाळेत शिरल्या शिरल्या समोर दिसेल अशा जागी ठेवलेलं. आत फक्त बुचं. वरच्या फळीवर काचेची, त्याखाली रबराची, लहानापासून मोठ्यापर्यंत शाळेतल्या पोरांसारखी रांगेत. त्याखाली झाडाच्या सालीची खरी बुचं, मग कापसाचे बोळे, मग पेचाची झाकणं. प्रत्येकाखाली साहेबांच्या हातची चिठ्ठी. अक्षर फार सुंदर होतं, हे कबूल करायला हवं. त्या माणसाचं सुंदर म्हणावं असं तेवढंच मला सापडलं.

"प्रयोगशाळा झाकणावरून ओळखतात," साहेब म्हणाले. हे त्यांचं ब्रीदवाक्य. "तीव्र आम्लाला काचेचं बूच. रबर लावलंत तर आम्ल रबर खातं. कॉस्टिक सोड्याला मात्र रबरी. तिथं काचेचं लावलंत, तर कॉस्टिक काचेला धरतं आणि बूच बाटलीत कायमचं बसतं. जंतू वाढवायच्या नळीला कापसाचा बोळा. का?"

"हवा आत जावी म्हणून."

"हवा जावी आणि बाहेरचे जंतू जाऊ नयेत म्हणून. अर्धं उत्तर म्हणजे चुकीचं उत्तर."

हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं. पुढे ते माझ्याच गळ्यात येणार, हे माहीत नव्हतं.

मला राग याचा येतो, की त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. साहेबांना सगळं येत होतं. अडाणी माणसाची चूक समजून घेता येते. पण हे गृहस्थ म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ज्ञान सगळं कपाटात, चिठ्ठ्या लावून.

कपाटाच्या तळाशी दोन खोकी होती. ब्युटायरोमीटरच्या नव्या रबरी बुचांची. ब्युटायरोमीटर, आमच्या बोलण्यात नुसता मीटर, म्हणजे दुधातली फॅट मोजायची जाड काचेची नळी. तिच्यात आधी सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर दूध, मग थोडं अमाइल अल्कोहोल घालायचं, तोंडाला रबरी बूच ठोसून बसवायचं, नळी फडक्यात धरायची आणि हलवायची. ॲसिड आणि दूध भेटलं की नळी अशी तापते, की फडक्यातूनही हाताला चटका बसतो. त्या वेळी आतलं उकळतं तेजाब आणि बाहेरचा माणूस यांच्यामध्ये काय असतं, तर एक बूच. रोज सकाळी गावोगावच्या दुधाचे शेकडो नमुने आमच्याकडे असेच हलवले जायचे. हलवणारा हात बहुतेक वेळा मंदाताईंचा.

मंदाताई सुप्याकडच्या. सासऱ्यांनी आयुष्यभर मेंढरं राखली, नवरा एमआयडीसीतच दुसऱ्या कारखान्यात. दोघं सकाळी मोटरसायकलवर यायची. त्या दहावी झालेल्या, सहा वर्षं रोजंदारीवर. त्या वर्षी डेअरी काही माणसं कायम करणार होती आणि यादीत त्यांचं नाव होतं. त्याच यादीत, दोन ओळी खाली, माझंही होतं.

बूच नळीला लावण्याआधी त्या ते दोन बोटांत दाबायच्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "आमचं मामंजी मेंढीची कास अशी दाबून बघत्यात. दाबलं का कळतंय, आत काय हाय ते. हे बघा दादा, हे बूच न्हाय, खडा हाय ह्यो." आणि बूच टेबलावर टाकायच्या. ते खरोखर खड्यासारखं वाजायचं.

रबर ॲसिडच्या संगतीत राहिलं, की काही दिवसांनी कडक होतं, चिरतं. असं झालं की टाकून द्यायचं, नवं घ्यायचं. पोराटोराला कळेल अशी गोष्ट. पण साहेब दर शनिवारी जुनी बुचं धुण्याच्या सोड्यात उकळायला लावायचे आणि चिमट्यानं एकेक उचलून स्वतः निवाडा द्यायचे. "चालेल. चालेल. हेही चालेल." त्यांच्या तोंडून 'चालणार नाही' मी माणसांबद्दल पुष्कळ ऐकलं, बुचाबद्दल कधी नाही.

आणि नवी खोकी? ती इन्स्पेक्शनसाठी.

एकदा बाहेरगावचे मोठे पाहुणे डेअरी बघायला येणार होते. आदल्या दिवशी साहेबांनी फर्मान काढलं, की टेबलावरच्या सगळ्या बाटल्यांना काचेची बुचं लावा, सगळं एकसारखं दिसलं पाहिजे. मी घाबरत म्हटलं, "साहेब, कॉस्टिकला रबरी..."

"पाहुण्यांना काय दिसतं ते महत्त्वाचं. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

पाहुणे आले, कपाटापुढे थांबले, "वा" म्हणाले, चहा पिऊन गेले. साहेबांना पुढे कौतुकाचं पत्र आलं, ते त्यांनी चौकटीत घालून कपाटाच्या शेजारी टांगलं. या आनंदात कॉस्टिकची बाटली सगळेच विसरलो. दोन आठवड्यांनी बघतो, तर बूच बाटलीत असं बसलेलं, की हलेना. साहेबांनी गरम पाणी ओतलं, लाकडी मुठीनं टकटक केली, शेवटी जोर लावला आणि बाटलीची मानच हातात आली. कॉस्टिक टेबलभर. साहेब टुणकन मागे सरकले. कोट कोरडा. मग आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बघितलंत? म्हणून मी सांगत असतो, कॉस्टिकला काचेचं बूच लावू नये."

मंदाताई ओल्या फडक्यानं टेबल पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पर लावलं कुणी?"

"कुणी लावलं हा प्रश्न नाही, मंदाबाई. लावू नये, हा प्रश्न आहे."

असा माणूस. चूक त्यांच्या हातून झाली, की ती शास्त्राचा नियम व्हायची. आमच्या हातून झाली, की मेमो.

त्या उन्हाळ्यात जुनी बुचं फारच गेली. रोज एखादी नळी हलवताना झिरपायची. मंदाताईंच्या बोटांना चट्टे पडले होते. एका सकाळी त्या मूठभर बुचं घेऊन सरळ साहेबांच्या टेबलापाशी गेल्या. मी शेजारीच नमुन्यांच्या बाटल्या लावत होतो. सगळं ऐकलं.

"सायेब, ह्यातली निम्मी तरी बाद झाल्यात. कपाटातलं एक खोकं सोडा की."

"ती इन्स्पेक्शनची आहेत, मंदाबाई."

"इन्स्पेक्शनवालं काय दूध हालवाया येत्यात व्हय?"

साहेब हसले. समोरच्याची कीव करणारं त्यांचं एक हसू होतं, ते. "तुमच्या घरी पाहुण्यांची भांडी वेगळी असतात ना? तसंच हे."

"असत्यात की. पर आमची रोजची भांडी फुटकी नसत्यात."

साहेबांचं हसू गेलं. त्यांनी त्या मुठीतलं एक बूच चिमट्यानं उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "चालेल."

मी बाटल्या लावत राहिलो. 'साहेब, ताई बरोबर बोलतात' एवढे चार शब्द बोलायचे होते. पदवीधर माणूस होतो मी, केमिस्ट्रीचा. पण यादीत माझंही नाव होतं, आणि शिफारस साहेब करणार होते.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनीच झालं. सकाळच्या गाड्या आलेल्या, नमुन्यांचे ट्रे भरलेले. मंदाताई दोन्ही हातांत फडक्यात गुंडाळलेल्या नळ्या घेऊन हलवत होत्या. फट् असा आवाज आला, फार मोठा नाही. बूच उडालं. त्यांनी मान फिरवली म्हणून डोळे वाचले. पण डावा हात कोपरापर्यंत आणि कानाखालचा गळा, सगळीकडे ते तपकिरी, उकळतं मिश्रण. त्या ओरडल्या नाहीत. स्वतःच नळाखाली गेल्या, हात धरला, आणि मला म्हणाल्या, "मानंवर वता दादा, पाणी. थांबू नगा." मी ओतत राहिलो. 

साहेब त्यांच्या खोलीतून आले. दारातूनच विचारलं, "मीटर फुटला का?"

हा प्रश्न मी आयुष्यात विसरणार नाही.

एका दूधगाडीच्या ड्रायव्हरनं मंदाताईंना दवाखान्यात नेलं. त्यांना गाडीत बसवून मी परत आलो तर काय बघतो, आमचे साहेब, ज्यांनी कधी जमिनीवरचा कागद उचलला नाही, ते टेबलाखाली गुडघ्यांवर बसून काहीतरी शोधत होते. सापडलं. उडालेलं बूच. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते कोटाच्या खालच्या खिशात टाकलं. मी दिसल्यावर म्हणाले, "कचरा पडू देऊ नये."

पण बूच ॲसिडानं माखलेलं होतं. संध्याकाळपर्यंत खिशाला रुपयाएवढं भोक पडलं. आम्लाला रबर चालत नाही हे ज्यांनी मला शिकवलं, त्यांना आम्लाला सुती खिसाही चालत नाही, हे सुचलं नव्हतं. त्या कोटावर डाग पडला तो हा पहिला.

चौकशी मॅनेजरांच्या केबिनमध्ये झाली. मॅनेजर बरा माणूस होता, पण घाईतला. मंदाताई हाताला आणि मानेला पट्ट्या बांधून बसल्या होत्या. साहेब नवा कोट घालून आले होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, की बाईंनी बाद झालेलं बूच वापरलं, निष्काळजीपणा झाला, त्यांना वाईट वाटतं, पण शिस्त म्हणून काही असतं.

मॅनेजर माझ्याकडे वळले. "नवी बुचं शिल्लक होती का?"

"होती," मी म्हणालो.

"कुठं?"

"कपाटात."

"मग बाई, ती का नाही लावलीत?"

मंदाताईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. थांबल्या. मी बोलेन म्हणून थांबल्या होत्या, हे मला तेव्हाही कळलं. मग त्याच म्हणाल्या, "कपाटाला कुलूप असतंय, सायेब. मागितली हुती म्या."

"किल्ली मागितली असती, तर मी दिली नसती का?" खळदकर म्हणाले. इतक्या सात्त्विक आवाजात, की क्षणभर मलाही शंका आली. "विचारा हवं तर. प्रयोगशाळेत कुणाला किल्ली नाकारलीय मी?"

मॅनेजरांनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर बोललो असतो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. ते घड्याळाकडे बघत होते, मी माझ्या चपलांकडे. अर्धं उत्तर देऊन मी गप्प बसलो होतो आणि साहेबांनी त्या दिवशी मात्र ते चुकीचं ठरवलं नाही.

मंदाताईंचं नाव यादीतून गेलं. माझं एक ओळ वर सरकलं.

आठवड्यानंतर त्या आपला डबा आणि ॲप्रन न्यायला आल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "ताई, मी खोटं नाही बोललो."

"न्हाय की," त्या म्हणाल्या. "तुमी खोटं न्हाय बोललात. तसं म्हणाया जागाच न्हाय ठेवली तुमी." ॲप्रनची घडी पिशवीत घातली, आणि दारात वळून म्हणाल्या, "म्या खोकं मागितलं, तवा तुमी हितंच हुता, दादा." एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

साहेबांचं पुढे सगळं यथासांग झालं. पिनेनं घट्ट बसणाऱ्या लॉक-बुचांचे नवे मीटर वरून आले, जुनी पद्धत बंद पडली, अपघाताबद्दल कुणी बोलेनासं झालं. कपाट मात्र तसंच. नवीन माणूस आला, की त्याला कपाटापुढे उभं करून व्याख्यान. इन्स्पेक्शनवाले आले, की तळाची दोन खोकी बाहेर, टेबलावर, मग पुन्हा आत. मी त्यांच्या हाताखाली काम करत राहिलो, 'हो साहेब' म्हणत राहिलो आणि मनात त्यांना शिव्या देत राहिलो. मनातल्या शिव्या स्वस्त असतात.

दशक संपता संपता साहेब निवृत्त झाले. निरोपाला फेटा, शाल, नारळ. दोघा-तिघांनी भाषणं केली, शिस्तीचा महामेरू वगैरे. साहेबांनी उत्तरादाखल पुन्हा एकदा सांगितलं, की प्रयोगशाळा झाकणावरून ओळखतात. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मग मला बाजूला घेऊन प्रयोगशाळेत गेले. आता तिथला प्रमुख मी होणार होतो. डोक्यावर गुलाबी फेटा, हातात ती पितळी कुलपाची किल्ली. कपाट उघडलं, खाली वाकले आणि दोन खोकी माझ्यापुढे ठेवली.

"बघा," ते म्हणाले. खरोखर अभिमानानं म्हणाले. "इतकी वर्षं झाली. एकालाही धक्का लागू दिला नाही. नवी कोरी आहेत."

मी एक खोकं फोडलं. एक बूच घेतलं आणि अंगठ्यानं दाबलं.

ते दबलं नाही. आणखी जोर लावला तर आडवी चीर गेली आणि काळी भुकटी बोटांवर आली. पत्र्याच्या छपराखाली, वाफेच्या खोलीत, काचेच्या दारामागे रबर आपलं आपणच मेलं होतं. मी दुसरं एक साहेबांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी दाबलं. मोडलं. दुसरं घेतलं. तिसरं. दुसरं खोकं फोडलं, त्यातली तर एकमेकांना चिकटून बसली होती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आता तरी, मला वाटलं, आता तरी या माणसाला ती सकाळ आठवेल, तो नळ, ती तपकिरी ओली मान. एकदा त्यांनी नाव घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

साहेबांनी भुकटी झटकली. कपाळाला आठी घातली आणि विचारलं, "कुणी हात लावला होता का खोक्यांना?"

"नाही, साहेब," मी म्हणालो. "कुणीच नाही."

बाहेरून फोटोसाठी हाका येऊ लागल्या. साहेबांनी खोकी पुन्हा तळाशी ठेवली, चिठ्ठी सरळ केली, कपाट लावलं, कुलूप घातलं आणि सवयीनं किल्ली खिशात टाकून दाराकडे निघाले.

"साहेब," मी म्हणालो. "किल्ली द्या."

इतक्या वर्षांत ती मी पहिल्यांदाच मागत होतो. साहेबांनी खिशातून काढली आणि मागे वळूनही न बघता, चालता चालता, लगेच दिली.